‘मोकळी जमीन’ म्हणजे नेमकी किती? नगरविकास विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. प्रधान सचिव,
नगरविकास विभाग, मंत्रालय, मुंबई.

विषय : विकास नियंत्रण नियमावलीत फेरफार करण्यापूर्वी त्या फेरफाराचा नकाशा प्रसिद्ध करण्याबाबत.

महोदय / महोदया,

विषयाची ओळ तुमच्या भाषेत लिहिली आहे, आवक नोंदवहीत चढवायला सोपं जावं म्हणून. खालचा मजकूर माझ्या भाषेत आहे आणि तो लांबलाय. जेवणाच्या सुट्टीत वाचलात तरी चालेल.

मी वास्तुरचनाकार आहे. तीसेक वर्षं मुंबईत नकाशे काढतोय. त्यातली निम्मी वर्षं ‘रिहॅब’मध्ये गेली, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतल्या त्या उंच, एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या इमारतींमध्ये. दोन इमारतींत तीन मीटर अंतर ठेवलं तरी मंजुरी मिळते हे एकदा कळल्यावर मी तीनच मीटर ठेवलं. सव्वातीन कधी ठेवलं नाही. नकाशात तीन मीटर म्हणजे पट्टीवरचे तीन सेंटिमीटर. तेवढ्यात झाडाचं एक गोल चिन्ह सहज मावतं, आणि ते मी काढायचो. एकदा ऑफिसात नव्याने आलेल्या मुलीने विचारलं, ‘सर, दुसऱ्या मजल्यावरच्या या खोलीत ऊन कधी येणार?’ मी म्हणालो, ‘डेफिशियन्सीचा प्रीमियम भरलाय’, म्हणजे नियमापेक्षा कमी मोकळी जागा सोडायचे पैसे. तिने मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं. तिचं ते लिहून घेणं मला अजून खुपतं.

पण हे पत्र माझ्या पश्चात्तापाचं नाही, त्याचं मी बघेन. हे पत्र वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांविषयी आहे. आमच्या धंद्यात त्यांच्या इमारतींविषयी सगळेच बोलतात. साबरमतीचं गांधी स्मारक संग्रहालय, जयपूरचं जवाहर कला केंद्र, कंबाला हिलवरची कांचनजंगा. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी त्यांचे छेद, म्हणजे इमारत उभी कापल्यावर आत कशी दिसेल ते दाखवणारे नकाशे, आमच्याकडून घोटून घेतले गेले. मला मात्र त्यांच्या फाइलींविषयी बोलायचं आहे, कारण त्या फाइली शेवटी तुमच्या दारात येऊन थांबल्या. १९६४ पासून १९९६ पर्यंत हा माणूस शासनाकडे पुनःपुन्हा येत राहिला. कधी बोलावल्यावर आला, कधी न बोलावता. त्यातून जे घडलं आणि जे घडलं नाही, त्यावरून मला तुमच्याकडे एक मागणी करायची आहे. ती अगदी शेवटी आहे. घाई असेल तर थेट तिथे गेलात तरी हरकत नाही.

१९६४ साली मुंबई महापालिकेने शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध करून लोकांचं म्हणणं मागवलं. अशा वेळी कोण काय लिहितं ते तुम्हाला माहीत आहे. माझ्या गल्लीवरचं आरक्षण उठवा, माझ्या दुकानासमोरचा रस्ता रुंद करू नका. तेव्हा चौतिशीत असलेले कोरिया, वास्तुरचनाकार प्रवीणा मेहता आणि स्थापत्य अभियंता शिरीष पटेल या तिघांनी म्हणणं मांडलं ते वेगळंच. शहर बोटासारखं लांबट आणि अरुंद आहे, कचेऱ्या सगळ्या दक्षिणेच्या टोकाला आहेत, माणसं मात्र उत्तरेला सरकत चालली आहेत. अशाने लोकल सकाळी एका दिशेला फुटेपर्यंत भरणार आणि संध्याकाळी दुसऱ्या दिशेला. तेव्हा वाढ उत्तरेला न नेता खाडीपलीकडे पूर्वेला न्या, तिथे नवं शहर वसवा आणि मुख्य म्हणजे सरकारी कचेऱ्या तिकडे हलवा. १९६५ मध्ये ‘मार्ग’ मासिकाने ही कल्पना सविस्तर छापली. मुंबईच्या इतिहासात हरकती-सूचनांच्या खात्यात याहून मोठी सूचना आली असेल असं मला वाटत नाही. (प्रवीणाताईंचं नाव आमच्या पुस्तकांतही बहुतेकदा ‘आणि इतर’मध्ये जातं. इथे तरी पूर्ण लिहितो.)

१९७० च्या मार्चमध्ये हे नवं शहर, म्हणजे नवी मुंबई, वसवायला सिडको हे शासकीय महामंडळ स्थापन झालं आणि कोरिया त्याचे मुख्य वास्तुरचनाकार झाले. बांधकामाची चाललेली कामं सोडून चाळिशीतला माणूस शहराचे नोड (म्हणजे वेगवेगळे उपनगरी विभाग), बसमार्ग आणि भूखंडांची मापं ठरवत बसला. ही माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतली सगळ्यात धाडसी गोष्ट होती. कशावर कोणाचा हक्क हे ठरण्याआधीच ते तिथे पोचले होते. असं आमच्यातल्या फार थोड्यांच्या नशिबी येतं. आम्हाला बोलावतात तेव्हा एफएसआय, म्हणजे भूखंडावर एकूण किती बांधायचं ते, ठरलेला असतो, विकणेबल किती आणि फुकट किती हे ठरलेलं असतं. आमच्या वाट्याला येतो तो जिना कुठून काढायचा हा प्रश्न.

पण त्या योजनेचा कणा म्हणजे सरकार स्वतः खाडी ओलांडेल ही कल्पना, आणि नेमकी तीच मोडली. मंत्रालय जागचं हललं नाही. उलट त्याच काळात समुद्रात भर टाकून नरिमन पॉइंटच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. तुमच्या खिडकीतून दिसतात त्याच. ज्या टोकाकडची गर्दी कमी करायची होती तिथेच तिला आणखी जागा करून दिली, आणि नवी मुंबईला कचेऱ्यांची वाट बघत कित्येक वर्षं नुसतं झोपायचं शहर होऊन राहावं लागलं.

आता एक गोष्ट सांगितली नाही तर हे पत्र आरतीसारखं होईल. नवी मुंबई ज्या जमिनीवर वसली ती रिकामी नव्हती. तिथे पंचाण्णव गावं होती, भातशेती होती, मिठागरं होती, मासेमारी होती. शेतजमीन शेतीच्या भावाने घ्यायची, तिथे शहर उभं करायचं आणि वाढलेल्या किमतीतून शहराचा खर्च भागवायचा, असं त्या योजनेचं अर्थशास्त्र होतं. वाढीव किंमत बिल्डरच्या खिशात न जाता सार्वजनिक कामाला यावी हा विचार चांगलाच आहे, मी आजही त्याच्या बाजूने आहे. पण ती वाढ ज्यांच्या बांधांवर झाली त्या आगरी-कोळ्यांचा वाटा त्यात धरलेला नव्हता. १९८४ च्या जानेवारीत उरण-जासईच्या बाजूला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले, आणि त्यानंतर कधीतरी साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. ते साडेबारा टक्के कुठल्याही वास्तुरचनाकाराच्या ड्रॉइंग बोर्डावरून आलेले नाहीत. सामाजिक न्यायाला वाहिलेल्या कारकिर्दीतही एवढं मोठं भोक राहू शकतं, कारण नकाशा काढणाऱ्याला गाव दिसतं ते गावठाणाभोवतीच्या तुटक रेघेएवढंच. मला दोन इमारतींमधली खोली जशी दिसली नाही तसंच हे.

बेलापूरविषयी मात्र मी मोकळेपणाने बोलणार आहे.

आर्टिस्ट्स व्हिलेज नावाची वसाहत १९८० च्या दशकात बांधली गेली. सुमारे साडेपाचशे कुटुंबांसाठी बैठी, उतरत्या छपरांची घरं. सात घरांमध्ये मिळून आठ मीटर बाय आठ मीटरचं एक अंगण. अशी तीन अंगणं एकत्र आली की त्यांच्यामध्ये जरा मोठा, बारा बाय बाराचा चौक, आणि असं करत करत शेवटी ओढ्याकाठच्या मोकळ्या जागेपर्यंत. आमच्या अभ्यासात हा भाग असतोच, चित्र सुंदर दिसतं म्हणून. पण खरी गंमत दोन साध्या निर्णयांत आहे. पहिला म्हणजे कुठलंही घर शेजारच्या घराशी भिंत वाटून घेत नाही. भिंत स्वतःची असल्यामुळे शेजाऱ्याला न विचारता, सोसायटीची सभा न बोलावता, हातात पैसे आले की मागे एक खोली काढता येते, वर माळा चढवता येतो, आणि त्यासाठी गावातला गवंडी पुरतो. दुसरा निर्णय भूखंडांच्या मापाचा. सगळ्यात लहान भूखंड ४५ चौरस मीटरचा आणि सगळ्यात मोठा ७५ चा. गरिबातला गरीब आणि त्यातल्या त्यात बऱ्या मिळकतीचा यांच्या जमिनीत दुपटीचाही फरक नाही. मिळकतीतला फरक घराच्या आत दिसेल, फरशीत दिसेल, पण पायाखालच्या जमिनीत फार दिसणार नाही. हा निर्णय छेदात किंवा दर्शनी भागात कुठेच दिसत नाही, म्हणून पुस्तकात त्याचा फोटो नसतो.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. एकाच भूखंडावर मागच्या बाजूला रिहॅबची इमारत, तीनशे चौरस फुटांची घरं. पुढे रस्त्याच्या बाजूला विक्रीचा टॉवर, त्याला पोडियम, वर बाग, आणि मध्ये एक भिंत. भिंतीची उंची सहसा आमच्या हातात नसते. रिहॅबला घनता किती असावी याची किमान मर्यादा नियमात आहे, हेक्टरी ६५० घरं. बेलापूरला हेक्टरी ५०० माणसं धरली होती, अंगणं आणि शाळा धरून. ही तुलना सरळ नाही हे मला कळतं. तिथे मोकळं माळरान होतं, इथे धारावी किंवा गोवंडी आहे. तरीही किमान मर्यादा घनतेला आहे आणि उजेडाला नाही याचं मला अजून नवल वाटतं. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत हवा-उजेडाचा अभाव आणि क्षयरोग यांचा संबंध दाखवणारे अभ्यास प्रसिद्ध होऊन काही वर्षं झाली. ते तुमच्यापर्यंत पोचले असतीलच.

मी बेलापूरला अधूनमधून जातो. मूळ घरं आता शोधावी लागतात. तीन मजली बंगले झालेत, संगमरवर आलाय, अंगणात गाड्या उभ्या असतात. वास्तुरचनाकारांचे जथे तिथे येऊन हळहळतात. मी हळहळत नाही. घर वाढावं म्हणूनच ते तसं बांधलं होतं. मला एवढंच विचारावंसं वाटतं, की ज्याचं घर होतं त्याचंच वाढलं, की ते विकून तो पुढच्या स्टेशनला गेला? हे नकाशावरून कळत नाही, आणि मोजायचं काम तर कोणी केल्याचं मी ऐकलेलं नाही.

१९६८ ची एक छोटी गोष्ट मध्येच सांगतो, कारण ती मला फार आवडते. फोर्टात दिवसा फुटपाथवर फेरीवाले बसत आणि रात्री तिथेच माणसं झोपत. चालणाऱ्यांना रस्त्यावर उतरावं लागे. कोरियांनी सुचवलं ते एवढंच की फुटपाथच्या कडेने ओट्यांची एक रांग बांधा आणि ठरावीक अंतरावर नळ ठेवा. दिवसा ओट्यावर माल मांडला जाईल. संध्याकाळी नळ सोडून ओटे धुऊन काढले की रात्री तेच झोपायला. चालणाऱ्याला फुटपाथ मोकळा मिळेल. बेघर कुठे जाणार आणि फेरीवाला कुठे जाणार या दोन वेगवेगळ्या फाइलींतल्या प्रश्नांना एकाच ओट्याचं उत्तर. ते बांधलं गेलं नाही. आज २०१४ चा फेरीवाला कायदा आहे, समित्या आहेत, पिवळे पट्टे आहेत. ओटा नाही. आमच्या चाळीतही ओट्यावर रात्री दोघं-तिघं झोपायचे. ती त्यांची जागा आहे हे कोणी कागदावर लिहून दिलं नव्हतं, पण त्यांच्या जागी कोणी गादी टाकत नसे.

१९८५ मध्ये राष्ट्रीय नागरीकरण आयोग नेमला गेला, कोरिया अध्यक्ष होते, १९८८ मध्ये अहवाल आला. मोठ्या शहरांवरचा भार हलका व्हावा म्हणून गुंतवणूक कुठे न्यावी यासाठी देशातली ३२९ गावं-शहरं त्यात निवडून दिली होती. त्याच्या सगळ्या खंडांविषयी बोलायचा मला अधिकार नाही, मी अर्धेच वाचलेत.

आणि आता गिरण्या. इथे मी तटस्थ राहणार नाही.

माझे वडील कापड गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सहावीत होतो. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत आमच्या मजल्यावरचे सगळे पुरुष. संप अधिकृतपणे कधी मिटलाच नाही असं आमच्याकडे म्हणतात. वडिलांना गिरणीने परत बोलावलं नाही. आम्ही लालबागची खोली सोडून डोंबिवलीला गेलो. मी गिरणीच्या आत दोनदाच गेलो आहे. दसऱ्याला कामगारांच्या मुलांना आत सोडत, साच्यांना झेंडूच्या माळा घातलेल्या असत. मला आठवतं ते असं : फाटकातून आत गेलं की लगेच छप्पर सुरू. खात्याला लागून खातं, गोदामाला लागून गोदाम, करवतीसारखं दातेरी छत संपता संपत नसे. मोकळी जागा म्हणजे कापसाच्या गाठी उतरवायची एक पट्टी आणि पाण्याचा तलाव.

हे कशासाठी सांगतोय ते पुढे कळेल.

मुंबईतल्या गिरण्यांची जमीन सुमारे सहाशे एकर. गिरण्या साठच्या आत-बाहेर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला. त्याचं ढोबळ रूप असं होतं : गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश महापालिकेला मैदानं आणि सार्वजनिक सोयींसाठी, एक तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी, उरलेली मालकाची. क्षेत्रफळाप्रमाणे टक्केवारी थोडी इकडे-तिकडे. हा नियम कोणी फार मोठ्या मनाने केला असेल असं मी म्हणत नाही. पण माझ्या आठवणीत या शहराने जमिनीच्या वाटणीचं एवढं सरळ गणित दुसरं मांडलेलं नाही.

१९९६ मध्ये राज्य शासनाने कोरियांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या मुंबईतल्या २५ गिरण्यांचा विचार करायला. समितीचा मुद्दा साधा होता. एकेका गिरणीचे वेगवेगळे तीन तुकडे पाडू नका. शेजारच्या गिरण्या एकत्र धरा, मग महापालिकेच्या वाट्याची जमीन एकसंध मैदान होईल, स्थानकांकडे जाणारे पायवाटांचे रस्ते काढता येतील, घरं आणि कामाच्या जागा जवळ ठेवता येतील. परळ, एल्फिन्स्टन रोड, लोअर परळ ही स्थानकं गिरणीच्या पाळ्यांसाठी होती. भोंगा वाजला की माणसं चालत यायची, बहुतेक तिथेच राहायची. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या तर हजारो लोक लोकलने येणार हे सांगायला समिती लागत नाही, पण आधी नकाशावर मांडायला लागते. त्यांनी ते मांडलं.

अहवाल तुमच्याकडे गेला. पाच वर्षांनी, २००१ मध्ये, ५८ व्या नियमात फेरफार झाला. गिरणीच्या एकूण जमिनीऐवजी वाटणी ‘मोकळ्या जमिनी’ची करायची असं ठरलं. मोकळी म्हणजे ज्यावर बांधकाम नाही ती. जिथे खाती आणि गोदामं उभी होती ती जमीन वाटणीतून बाहेर.

आता दसऱ्याच्या दिवशी मी पाहिलेली ती कापसाच्या गाठींची पट्टी आठवा.

तिचा तिसरा हिस्सा मैदानाला, तिसरा हिस्सा कामगारांच्या घरांना. दोन शब्दांत शेकडो एकरांचा निकाल लागला. त्या दिवशी शहरात कुठेही दगड पडला नाही. कोणी मोर्चा काढावा असं त्या फेरफारात काही दिसतच नव्हतं; ते वाचून समजायलाच वकील लागत होता. समजलं तोवर उशीर झाला होता. २००५ मध्ये महामंडळाच्या पाच गिरण्या दोन हजार कोटींच्या वर विकल्या गेल्या. प्रकरण न्यायालयात गेलं, ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. दोन न्यायालयांत ‘मोकळी’ या शब्दाचा अर्थ लावला गेला. कोरियांच्या समितीचे नकाशे तेव्हा कुठल्या कपाटात होते कोण जाणे.

२९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी, पाऊस असताना, एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली. तेवीस माणसं गेली. त्यांतली बरीच तिथल्या नव्या कचेऱ्यांकडे निघालेली असणार. कोणी ‘फुलं पडली’ म्हणालं की ‘पूल पडला’, अफवा कुठून उठली, यावर चौकशी झाली. नवा पूल बांधायला लष्कर बोलावलं गेलं. मी असं म्हणत नाही की २००१ चा फेरफार झाला नसता तर हे टळलंच असतं. रेल्वेने पूल रुंद करायला हवा होता, हे खरंच आहे. पण सहाशे एकरांतून स्थानकाकडे जाणारी एक प्रशस्त सार्वजनिक वाटही निघू नये, आणि माणसांना त्या जुन्या अरुंद पुलावरूनच उतरावं लागावं, याला अपघात म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

घरांचं म्हणाल तर २०१२ च्या पहिल्या सोडतीत गिरणी कामगारांसाठी सात हजारांच्या आत घरं होती आणि अर्ज लाखाहून अधिक. वडिलांनी अर्ज केला होता. त्यांना लागलं नाही. आता उरलेल्यांना आणि त्यांच्या वारसांना शेलू-वांगणीला घरं देऊ म्हणतात. लालबागच्या माणसाला वांगणी सांगताना हात कुठल्या दिशेला दाखवतात ते मला बघायचंय.

कोरिया २०१५ च्या जूनमध्ये गेले. तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांच्या पद्मविभूषणाविषयी लिहिलं, सुवर्णपदकांविषयी लिहिलं, मोकळ्या आकाशाखालच्या जागांवरचं त्यांचं प्रेम सगळ्यांनी नोंदवलं. आमच्या संस्थांनी शोकसभा घेतल्या. मी एका सभेत होतो. ५८ व्या नियमाचा आकडा कोणाच्या तोंडून आला नाही. मीही उठून बोललो नाही, कारण शेजारी बसलेल्यांपैकी अर्ध्यांनी गिरणीच्या जमिनींवरचे टॉवर काढले होते आणि उरलेल्या अर्ध्यांना ते मिळाले नव्हते. मी कुठल्या अर्ध्यात होतो ते विचारू नका.

ते साधू नव्हते, हेही लिहून ठेवतो. कांचनजंगासारखी श्रीमंतांची घरं त्यांनी केली आणि झकास केली. पण एका गोष्टीत त्यांचा अंदाज अचूक होता. चांगली इमारत बांधून शहर न्याय्य होत नाही हे त्यांना तिशीतच कळलं होतं, म्हणून ते नियम जिथे लिहिले जातात तिथे जाऊन बसत होते. सिडकोत वेळेवर बसायला मिळालं तेव्हा ४५ आणि ७५ हे आकडे लिहिता आले. गिरण्यांच्या वेळी त्यांना मतासाठी बोलावलं, आणि शब्द दुसऱ्याच कोणीतरी लिहिला.

म्हणून आता मागणी.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली तुम्ही विकास आराखड्यात आणि नियमावलीत फेरफार करता. त्यासाठी सूचना प्रसिद्ध होते, हरकतींसाठी एक महिना मिळतो. सूचनेत काय असतं? ‘उपनियम अमुकमधील तमुक शब्दांऐवजी पुढील शब्द दाखल करण्यात यावेत.’ मी तीस वर्षं हा धंदा करतोय, मलाही जुनी नियमावली शेजारी उघडून, बोट ठेवून वाचावं लागतं. ज्याच्या घराखालून जमीन सरकणार आहे तो हे कधी वाचणार?

कायदा बदला असं मी म्हणत नाही. सूचनेसोबत एक कागद जोडा, ए-थ्री आकाराचा. एका बाजूला नकाशा : हा फेरफार ज्या ज्या जमिनीला लागू होईल ती रंगवलेली. दुसऱ्या बाजूला तक्ता, तीनच रकाने. आजच्या नियमाप्रमाणे सार्वजनिक वापराला, परवडणाऱ्या घरांना आणि मालकाला किती चौरस मीटर जातात, फेरफारानंतर किती जातील, फरक किती. अंतराचा किंवा घनतेचा नियम असेल तर तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत डिसेंबरात किती वेळ ऊन येईल तेही. हे सगळं आता संगणकावर एका दिवसात निघतं. हा कागद मराठीत असावा आणि वॉर्ड ऑफिसच्या दारावर लावावा, जिथे पाणीपट्टीच्या रांगेत माणसं अशीही उभी असतात.

२००१ मध्ये असा कागद निघाला असता तर त्यावर काय दिसलं असतं, ते मी गेल्या महिन्यात एका गिरणीपुरतं काढून बघितलं. जुन्या सर्वेक्षणाचा नकाशा मिळाला, छपरं काळी भरली, उरलेलं पांढरं ठेवलं. पांढरं किती राहिलं ते तुम्ही ओळखलं असेल. डावीकडच्या कोपऱ्यात तलाव आहे, त्याच्या बाजूला ती पट्टी.

तो कागद या पत्राला जोडला आहे. नमुना म्हणून चालेल. पुढचा फेरफार जो येईल त्याचा नकाशा मी स्वतः, विनामूल्य काढून देईन; मला फक्त मसुदा महिनाभर आधी मिळावा. ऑफिसातली ती मुलगी आता माझ्याकडे नाही, पण तिला फोन केला होता. उन्हाचा हिशेब ती करून देणार आहे.

आपला,
साचेखात्यातल्या एका कामगाराचा मुलगा,
व्यवसायाने वास्तुरचनाकार

सोबत : नकाशा, एक प्रत.